अप्पांची तीन बोटं आणि माझा आखूड व्हॉल्व्ह

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. सायकलची. अंगावर दोन ठिगळं आहेत आणि कडेला टायर घासून पडलेला एक कायमचा वळ आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. ट्यूब दिसायला लागली म्हणजे सायकल बंद पडली असं समजायचं. लोक सायकलच्या रंगाचं कौतुक करतात, घंटीचं करतात, सीटच्या कव्हरचंसुद्धा करतात. ज्या हवेवर सगळा डोलारा उभा असतो ती पोटात धरून बसलेल्या आम्ही मात्र कायम अंधारात.

असो. मी रडगाणं गायला बसलेली नाही. माझी गोष्ट तशी चांगली आहे. तिच्यात एक मुलगी आहे, तिचे वडील आहेत आणि त्या वडिलांची तीन बोटं आहेत. त्या बोटांपायी केवढा घोळ झाला, आणि तो कसा निस्तरला, तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबराचा मऊ लगदा यंत्रातून लांब नळीसारखा बाहेर आला, तिची दोन टोकं चिकटवली आणि मी गोल झाले. मग अंगाला भोक पाडून त्यात व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह म्हणजे हवा भरायची धातूची बारीक नळी. आम्हा शर्यतीच्या ट्यूबांचं अंग साधारण सारखंच असतं, फरक असतो तो व्हॉल्व्हच्या लांबीत. कोणाचा साठ मिलिमीटरचा, कोणाचा ऐंशीचा. माझा अठ्ठेचाळीसचा. माझ्या डब्यावर तो आकडा मुंगीएवढ्या अक्षरात छापला होता. त्या मुंगीवर लक्ष ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

आता तुम्ही विचाराल, एवढे प्रकार कशाला? सांगते. टायर ज्या धातूच्या कड्यावर बसतो त्याला रिम म्हणतात. साध्या सायकलची रिम उथळ असते. शर्यतीच्या काही चाकांची रिम मात्र चांगली खोल असते, वारा कापत जावा म्हणून. ट्यूब बसते रिमच्या बाहेरच्या अंगाला आणि हवा भरायची असते आतल्या अंगाने, तारांच्या बाजूने. म्हणजे व्हॉल्व्हला ती सगळी खोली पार करून पलीकडे डोकं काढावं लागतं. नाही काढलं, तर पंप पकडणार कशाला?

एवढी साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टीच माणसांना चकवतात.

सोलापूरच्या एका दुकानात मी खुंटीला लटकून चार महिने काढले. एका गुरुवारी दुकानात एक उंच, काळेसावळे गृहस्थ आले. शर्टाच्या खांद्यावर कोथिंबिरीची पानं अडकली होती. हे शरणप्पा. अणदूरचे शेतकरी, कोथिंबीर घेऊन मार्केट यार्डात आले होते आणि जाताजाता मुलीसाठी ट्यूब घ्यायला थांबले होते.

मुलीचं नाव शिवलीला. दहावीत शिकणारी. रोज पहाटे हायवेच्या कडेच्या रस्त्यावर सायकल पळवायची. शाळेच्या खेळाच्या सरांनी, अमरनाथ सरांनी, तिला तयार केलं होतं. येत्या रविवारी तुळजापूरच्या रस्त्यावर जिल्ह्याची निवड चाचणी होती. सोळा वर्षांखालच्या दोनच मुली राज्याच्या शर्यतीला जाणार होत्या. शिवलीला जानेवारीत सोळा पुरी करणार, म्हणजे तिला ही एकच संधी उरली होती. आणि नेमकं आठवडाभर आधी तिचं मागचं चाक खड्ड्यात आदळून रिम चिरली.

मग अमरनाथ सरांनी माळ्यावरून आपल्या तरुणपणीची चाकं काढून दिली. काळी कुळकुळीत, खोल रिमची. पुढच्या चाकाची ट्यूब चांगली होती, मागच्याची वाळून फाटली होती. सरांना चाचणीच्या तयारीसाठी धाराशिवला जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "मागच्याला नवी ट्यूब घाला. रिम खोल आहे, तेव्हा लांब व्हॉल्व्हची बघून आणा." किती लांब ते सरांनी सांगितलं नाही, आणि अप्पांनी विचारलं नाही. शिवलीला वडिलांना अप्पा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

का विचारलं नाही? कारण अप्पांचा आपल्या बोटांवर विश्वास होता. पेरणीला बी किती खोल जायचं, जमिनीत ओल किती उतरली, सगळं ते बोटं आडवी लावून सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. अणदुरात पेरणी निघाली की शेजारचे लोक त्यांना बांधावरून हाक मारायचे, जरा बोटं लावून बघा म्हणायचे. त्या चाकालाही अप्पांनी बोटं आडवी लावली. रिम बरोबर तीन बोटं भरली.

"तीन बोटं खोल रिम हाय बगा," ते दुकानदाराला म्हणाले, "तेवढ्या लांब वॉलची ट्यूब द्या. चांगल्यातली द्या, पोरगी शर्यतीला बसलीय."

"तीन बोटं ना?" दुकानदाराने मला खुंटीवरून काढलं आणि माझ्या व्हॉल्व्हला आपली तीन बोटं लावली. शाळेतल्या पेन्सिलीसारखी बारीक बोटं. "बसतंय बरोबर. हीच घ्या."

अप्पा खूश, दुकानदार खूश, आणि चार महिन्यांनी खुंटीवरून सुटले म्हणून मी तर सगळ्यांत खूश. दोघंही खरं बोलले होते, मित्रांनो. बोटं तेवढी वेगवेगळी होती. डब्यावरच्या मुंगीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी माझं स्वागत बघायला हवं होतं. अप्पांच्या थोरल्या बहिणीने, सिद्धम्मा आत्यांनी, माझ्या डब्याला विभूती लावली. शिवलीलाने मला बाहेर काढून नाकाशी धरलं आणि "नव्या रबराचा वास लई भारी," म्हणाली. मी नुसती फुगून गेले, आणि तेसुद्धा हवा न भरता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती अंगणात चाक घेऊन बसली. मला थोडी हवा देऊन तिने माझा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात घातला. मी आत शिरले. आणखी शिरले. आणि थांबले. पलीकडचा उजेड मला दिसत होता, पण लांबून. माझं अंग रिमला टेकलं होतं, पुढे सरकायला जागाच उरली नव्हती.

शिवलीलाने दुसऱ्या बाजूने भोकाला डोळा लावला. "अप्पा, वॉल कुठाय?"

"आसंल की. नीट बग."

"आत हाय. भाईर येतच न्हाय."

अप्पांनी चाक घेतलं, हलवलं, मला अंगठ्याने पाठीमागून दाबलं. इतकं दाबलं की माझा जीव कळवळला. पण धातू काय दाबून लांबतो? शेवटी शिवलीलाने दप्तरातून पट्टी आणली. आधी रिम मोजली, मग मला बाहेर काढून मोजलं.

"रिम साठ," ती हळू म्हणाली. "वॉल अठ्ठेचाळीस." मग तिने डबा उचलून मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि तिचा आवाज चढला. "हितं लिवलंय की अप्पा! एवढं वाचायचं व्हतं फकस्त. तुमची तीन बोटं रानात ठिवायची व्हती. ही काय पेरणी न्हवती!"

अप्पांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो हात त्यांनी शर्टाच्या खालच्या खिशात घातला आणि बाहेर काढलाच नाही. मित्रांनो, मी टायरखाली दगड सोसले आहेत, बाभळीचे काटे सोसले आहेत. पण तो हात खिशात जाताना मला जे वाटलं ते त्या सगळ्यांपेक्षा जास्त टोचलं. वाटलं, मी थोडी लांब असते तर काय बिघडलं असतं?

थोड्या वेळाने अप्पांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, साठची एक आहे, ऐंशीची मात्र मागवावी लागेल, मंगळवारी येईल.

"साठ जमंल," अप्पा घाईने म्हणाले. "रिम साठच हाय. सकाळीच येतो."

सिद्धम्मा आत्या तिथेच बसून शेंगा फोडत होत्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शरणप्पा, हीर साठ हात खोल आसली तर तू दोर केवढा घिऊन जातूस?"

"दोन-चार हात ज्यादा."

"का बरं? साठ हात हीर, साठ हात दोर. पोहरा तर पोचतोय पाण्याला."

"आन् वर हातात काय धरायचं मग?" अप्पा म्हणाले आणि त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

शिवलीलाने पट्टी पुन्हा रिमला लावली. आत्यांचं बरोबर होतं. साठच्या रिममध्ये साठचा व्हॉल्व्ह घातला तर त्याचं डोकं जेमतेम भोकाच्या तोंडाशी येणार. पंपाला पकड हवी, म्हणजे बोटभर तरी बाहेर यायला हवं. साठच्या रिमला ऐंशीचाच व्हॉल्व्ह पाहिजे होता. तो येणार मंगळवारी, आणि चाचणी रविवारी.

शिवलीला पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने खाली पडू दिलं नाही.

"आत्ती," ती म्हणाली, "दोर आखूड पडला तर?"

"तर काय, जोडायचा. दोराला दोर बांदत न्हाईत व्हय?"

तेव्हा तिला आठवलं. सरांच्या फाटलेल्या ट्यूबच्या व्हॉल्व्हवर एक वेगळी नळी दिसली होती, तिने ती फाटक्या ट्यूबबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली होती. तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, "हो, तो जोडच होता. व्हॉल्व्हचं टोक उघडं ठेवून त्यावर आट्यांनी बसतो, उंची वाढवतो. पण तो इकडे मिळणं कठीण आहे गं. मी पुण्याहून मागवला होता." थोडं थांबून ते म्हणाले, "मीच लांबी सांगायला हवी होती."

फोन संपला तेव्हा अप्पा अंगणात नव्हते. गोठ्यामागच्या छपरात भांडी आदळल्यासारखा आवाज येत होता. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फवारणीच्या जुन्या पंपाची पितळी नळी होती. हिरवट, डागाळलेली, एका टोकाला चेपलेली. हात खिशातून निघाला होता, हे मी आधी पाहिलं.

"गौरीशंकरकडं जाऊ," एवढंच ते म्हणाले.

गौरीशंकर म्हणजे नळदुर्गचे लेथवाले, यंत्रावर धातू कातून सुटे भाग करणारे. मोटारीचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, पंपाचे शाफ्ट, जे कोणाकडे मिळत नाही ते लोक त्यांच्याकडून करून घेतात. शनिवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या दुकानात होतो. मी, चाक आणि ती पितळी म्हातारी. हो, म्हातारीच म्हणायला हवं. पंधरा वर्षं तुरीवर आणि हरभऱ्यावर औषध मारून तिच्या अंगाला असा उग्र वास बसला होता, की मी पिशवीत नाक मुरडून बसले होते. मला काय ठाऊक, तासाभराने तिच्याशीच माझी गाठ बांधली जाणार आहे.

"किती लांब पायजे जोड?" गौरीशंकर काकांनी विचारलं.

अप्पांची बोटं सवयीने वर आली आणि तशीच खाली गेली.

"आण्णा, माज्याकडं बोटं, ईत, हात चालत न्हाय," काका म्हणाले. त्यांनी तेलकट खिशातून चकचकीत व्हर्निअर, म्हणजे अगदी बारीक माप दाखवणारा चिमटा, काढला. "हितं फकस्त ह्येच चालतंय. ह्यो कुणाच्या बी हातात गेला तरी एकच सांगतोय." त्यांना झाला प्रकार माहीत नव्हता. पण अप्पांचा चेहरा बघून शिवलीलाच दुसरीकडे बघू लागली.

काकांनी रिम मोजली, तिचं भोक मोजलं, माझ्या व्हॉल्व्हचं टोक मोजलं. भोक साडेसहा मिलिमीटरचं, म्हणून नळी बाहेरून सहाची. लांबी चाळीस, त्यातला थोडा भाग माझ्या अंगावर चढण्यात जाणार. मग लेथ सुरू झाला. म्हाताऱ्या नळीच्या अंगावरून हिरवा गंज निघाला आणि आतलं पितळ सोन्यासारखं लखलखलं. मी बघतच राहिले. एवढा माल त्या कळकट अंगाखाली दडला होता, आणि मी नाक मुरडत होते!

पण खरी कसोटी आटे पाडण्याची होती. माझ्या टोकावरचे आटे फार बारीक, तसं हत्यार काकांकडे नव्हतं. त्यांनी मोडक्या ड्रिलचा तुकडा घासून हत्यार बनवलं. पहिला जोड चिरला. दुसऱ्याचे आटे माझ्यावर बसलेच नाहीत. नळीचा शेवटचा चांगला तुकडा उरला. काकांनी पंखा बंद केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता कुनी बोलू नका." दुकानाबाहेर एक माणूस ट्रॅक्टरची पिन घेऊन उभा होता, तोही गप्प राहिला.

तिसरा जोड बसला. ठिबकच्या पाईपला गुंडाळतात ती पांढरी टेप अप्पांनी घरून आणली होती, तिचे दोन वेढे माझ्या आट्यांवर दिले आणि वरून म्हातारी घट्ट आवळली. मला पाण्याच्या घमेल्यात बुडवलं. सगळे वाकले. एक बुडबुडा आला. पण तो माझ्या अंगाला चिकटलेल्या हवेचा होता. दुसरा आलाच नाही.

"पळ आता," काका शिवलीलाला म्हणाले. "मजुरी नगं मला. निवड झाली तर पेढे आन."

रविवारी सकाळी मी खोल रिमच्या चाकात होते. पोटात हवा, दाबाचा काटा शंभरावर. रिममधून बोटभर बाहेर डोकावत होती माझी पितळी जोडीदारीण. मला रस्ता दिसत नव्हता, पण ट्यूबला रस्ता अंगाने कळतो. नवं डांबर कसं लागतं, खडी कशी लागते, उताराला चाक कसं हलकं होतं. शिट्टी वाजली आणि शिवलीला निघाली ती अशी, की मला वाटलं मी गोल नाहीच, सरळ रेष आहे.

जाताना सगळं ठीक होतं. परतीच्या वाटेवर रस्ता उकरून ठेवलेला एक लांब पट्टा लागला. धडधड धडधड. त्या हादऱ्यांनी म्हातारीची पकड किंचित सैल झाली आणि माझ्या डोक्यापाशी हवा फुसफुसायला लागली. फार नाही. सुईच्या टोकाएवढी. पण सात किलोमीटर बाकी होते.

मित्रांनो, व्हॉल्व्हच्या आत एक बारीक झडप असते. आतल्या हवेचा दाबच तिला मिटवून धरतो. मी पोटातली सगळी हवा त्या झडपेला टेकवून ठेवली. म्हातारी हादऱ्यांनी झडपेला ढकलायची आणि मी पुन्हा मिटायचे. तिचा दोष नव्हता, तीही बिचारी धरूनच होती. चाक जड होत चाललं, शिवलीलाचे पाय आणखी जोर लावत होते. "मागचं बसतंय गं!" कोणीतरी ओरडलं. ती थांबली नाही. उतरून बघितलं असतं तर हवा वाचली असती का? नाही. वेळ मात्र गेला असता. हे तिला कळलं होतं, किंवा तिचा आमच्यावर विश्वास होता. मी दुसरं खरं मानते.

शेवटच्या वळणावर तिच्या पुढे दोन मुली होत्या. एकीला तिने चढावर गाठलं. दुसरीला नाही गाठता आलं. ढोकीची ती मुलगी खरंच वेगवान होती, तिचा पहिला नंबर हक्काचा होता. शिवलीला दुसरी आली. आणि दोनच मुली हव्या होत्या!

सरांनी धावत येऊन माझ्यावर पंप लावला. काटा पंचेचाळीसवर होता. "आणखी चार किलोमीटर असते तर रिमवर पळाली असतीस," ते म्हणाले, आणि मग लहान मुलासारखे हसले की रडले ते मला आतून नीट कळलं नाही. अप्पा लांब उभे होते. मग जवळ येऊन त्यांनी डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. उजवा हात पुन्हा खिशात होता.

मंगळवारी ऐंशीच्या व्हॉल्व्हची ट्यूब आली. उंच, ऐटबाज. खोल चाकात तिची जागा होती, माझी नव्हती, हे मला मान्य होतं. मला वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. पण शिवलीलाच्या चिरलेल्या चाकाला नवी, साधी रिम बसली. उथळ, तीस मिलिमीटरची. तिने या वेळी पट्टी लावली. तीस आणि वर धरायला अठरा, झाले अठ्ठेचाळीस. तिने मला उचललं. मी भोकात शिरले आणि सुळकन पलीकडे डोकं बाहेर! कोणाचा जोड नाही, कोणाची मदत नाही. मी आखूड नव्हतेच, मित्रांनो. मला चुकीच्या चाकासाठी निवडलं होतं, एवढंच. पितळी म्हातारी सीटखालच्या पिशवीत विसावली. आता आमची चांगली मैत्री आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती मला रोज अंगणात दिसायची.

अप्पांनी बोटं लावणं सोडलं होतं.

त्यांनी एक स्टीलची पट्टी विकत घेतली होती. ती सदा खिशात असायची. शेजारच्यांनी बांधावरून हाक मारली तर ते म्हणायचे, "माज्या बोटांचं काय खरं न्हाय बाबा. पट्टी लाव." लोक हसायचे, त्यांना वाटायचं गंमत करतायत. सिद्धम्मा आत्या हसायच्या नाहीत. शिवलीलाही नाही. ती दोन-तीनदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता परतली. माफी मागायचा शब्द जिभेवर येतो आणि गिळला जातो, तसं काहीसं.

दसऱ्यानंतर हरभऱ्याची पेरणी निघाली. त्या दिवशी शिवलीला सकाळीच माझ्यावरून नळदुर्गला गेली आणि तिथून थेट शेतात आली. तासात, म्हणजे पेरणीच्या चरीत, बी पडत होतं आणि अप्पा वाकून मातीत पट्टी खुपसत होते. माती पट्टीला चिकटायची, आकडे बुजायचे. ते पुसायचे आणि पुन्हा खुपसायचे. चाळीस वर्षं पेरणी केलेला माणूस, मित्रांनो.

तिने सायकल बांधाला टेकवली आणि फडक्यात गुंडाळलेला व्हर्निअर काढला. गौरीशंकर काकांचा तो व्हर्निअर कधी दुकानाबाहेर गेला नव्हता. तिने कशासाठी हवा ते सांगितलं, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने तिच्या हातात ठेवला होता.

"अप्पा, हात द्या."

"कशापायी?"

"द्या तरी."

तिने त्यांची तीन बोटं एकत्र केली, माती झटकली आणि व्हर्निअरच्या चिमट्यात आडवी धरली. मग बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली.

"किती?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा होता.

"साठ." तिने आकडा त्यांच्यापुढे धरला. "साठ भरत्यात, अप्पा. रिम बी साठच हाय. तुमचं माप चुकलंच न्हवतं. दुकानात बोटं दुसऱ्याची लागली, आन् वर धरायला ठिवायचं तर आमालाबी सुचलं न्हाय. म्या तुमची बोटं मोजायच्या आदीच बोलले. चुकले म्या."

अप्पांनी व्हर्निअर डोळ्यांजवळ नेऊन आकडा स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग स्टीलची पट्टी पुसून तिच्या हातात दिली, गुडघ्यावर बसले आणि तासात तीन बोटं आडवी घातली.

"बरुबर हाय," त्यांनी पेरणाऱ्याला मोठ्याने सांगितलं. "चालू द्या."

शेजारच्या बांधावरून कोणीतरी ओरडलं, "शरणप्पा, आमच्या हितं बी बगा की जरा!" आणि अप्पा उठून तिकडे चालू लागले. दोन्ही हात खिशाबाहेर, झुलत.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. सायकलला ट्यूब घेताना आधी रिम मोजा, आकड्यात मोजा, कारण आकडा सगळ्यांच्या हातात सारखाच राहतो. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. रिमएवढाच व्हॉल्व्ह घेऊ नका, वर धरायला बोटभर राहू द्या. अधूनमधून आमच्यात हवा भरत जा, काटा लागला तर ठिगळ लावा, लगेच फेकू नका. आणि घरातल्या माणसावर ओरडायच्या आधी त्याचंही माप एकदा नीट घ्या. शिवलीलाने लावलेल्या व्हर्निअरमध्ये अप्पांचं माप बरोबर साठ भरलं होतं.